पीपीटी वाचून दाखवू नका, तुमचं काय अडलं होतं ते सांगा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या करिअरच्या पुरवणीत कम्युनिकेशन स्किल्सवर बरंच काही छापून येतं, मुलाखतीला कसं बसावं, इंग्रजी कसं सुधारावं, बायोडेटा किती पानांचा असावा वगैरे, आणि मी ते वाचतेही. पण एका गोष्टीवर कधी काही वाचायला मिळालं नाही म्हणून आज लिहायला बसले. ऐरोली, रबाळे, घणसोली, महापे या नवी मुंबईच्या पट्ट्यात आपली किती मुलंमुली सॉफ्टवेअरमध्ये आहेत हे सकाळी नऊच्या सुमारास ठाण्याहून सुटणारी ट्रान्सहार्बरची कुठलीही गाडी बघितली की कळतं, ऐरोलीला सगळी गळ्यात आयकार्ड घालून उतरतात. या प्रत्येकाला वर्षातून चार-पाच वेळा तरी इतर डेव्हलपरांसमोर उभं राहून काहीतरी समजावून सांगावं लागतं. कधी केटी सेशन असतं, म्हणजे आपलं काम दुसऱ्याच्या हाती देताना त्याची माहिती देणं, कधी नवीन टूलचा डेमो, कधी शनिवारी एखाद्या मीटअपला टॉक. आणि खरं सांगायचं तर त्यातलं बहुतेक सगळं ऐकवत नाही. बोलणारा हुशार असतो, विषय कामाचा असतो, तरी दहाव्या मिनिटाला समोरचे फोनमध्ये. याचं मला मनापासून वाईट वाटतं कारण त्या माणसाने जे शिकलेलं असतं ते खरंच मोलाचं असतं आणि ते त्याच्याबरोबरच राहतं.

मी या लाइनीत १४ वर्षं आहे. माझा पहिला मोठा टॉक सहा वर्षांपूर्वी ऑफिसातच झाला, विषय डेटाबेसचा इंडेक्स, म्हणजे पुस्तकाच्या मागच्या सूचीसारखी, हवी ती नोंद पटकन सापडावी म्हणून ठेवलेली यादी. ४० मिनिटं आणि ५८ स्लाइड. इंडेक्स म्हणजे काय, बी-ट्री कसं असतं, हॅश कधी वापरायचं, कंपोझिट इंडेक्समध्ये कॉलमचा क्रम का महत्त्वाचा, सगळं घातलं होतं कारण काही राहिलं आणि कोणी विचारलं तर हिला येत नाही असं वाटेल ही भीती होती. विसाव्या मिनिटाला मागच्या दोन रांगा लॅपटॉप उघडून आपापली तिकिटं, म्हणजे नेमून दिलेली कामं, क्लोज करत होत्या. संपल्यावर एक फ्रेशर मुलगी जवळ आली आणि म्हणाली, मॅडम, आपल्या ऑर्डरच्या टेबलवर तारखेचा इंडेक्स आधीपासून होता ना, मग तो महिन्याचा रिपोर्ट इतका स्लो का चालायचा?

आता तो रिपोर्ट आदल्याच महिन्यात मीच तीन रात्री बसून ठीक केला होता! क्वेरीत, म्हणजे डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नात, तारखेच्या कॉलमवर फंक्शन लावून महिना काढला होता, त्यामुळे इंडेक्स असूनही डेटाबेस त्याच्याकडे बघत नव्हता, अख्खं टेबल वरपासून खालपर्यंत वाचत होता. फंक्शन काढून महिन्याच्या पहिल्या तारखेपासून पुढच्या महिन्याच्या पहिल्या तारखेच्या आतपर्यंत अशी रेंज दिली आणि रिपोर्ट पटकन यायला लागला. हे मी त्या मुलीला तिथेच व्हाइटबोर्डवर दाखवलं, तिच्या मागे अजून पाच जण येऊन उभे राहिले, ते लॅपटॉपवालेसुद्धा. ५८ स्लाइडमध्ये ही गोष्ट कुठेच नव्हती. जे मला स्वतःला भोगून कळलं होतं तेच मी गाळलं आणि जे कुठल्याही पुस्तकात मिळतं ते सगळं वाचून दाखवलं.

तेव्हापासून मी दुसऱ्यांचे टॉक वेगळ्या नजरेने ऐकायला लागले. गेल्या वर्षी पावसाळ्यात महाप्याला एका ऑफिसच्या कँटीनमध्ये ऐकलेला एक टॉक सांगते. मुलगा तीन वर्षांच्या अनुभवाचा, घणसोलीहून भिजतच आलेला. ना स्वतःची ओळख, ना आजचा अजेंडा. लॅपटॉप जोडला आणि स्क्रीनवर एकच ओळ आणली, २४ तास उघड्या असणाऱ्या एका मेडिकलचं बिल, बिल नंबर, रक्कम आणि तारीख ३१ मार्च. म्हणाला, हे बिल दुकानदाराने १ एप्रिलला रात्री २ वाजून १० मिनिटांनी फाडलंय, तर हे कुठल्या आर्थिक वर्षात धरायचं, हात वर करा. हात वर झाले, थोडे इकडे थोडे तिकडे. मग त्याने विचारलं की १ एप्रिलचं बिल ३१ मार्चला गेलंच कसं, आणि तो गप्प उभा राहिला. चांगला अर्धा मिनिट असेल. कँटीनमध्ये फ्रिजचा आवाज ऐकू येत होता एवढी शांतता. शेवटी मागून एक टेस्टर मुलगी म्हणाली, सर्व्हरचं घड्याळ कुठल्या देशाचं आहे?

तिथून पुढे सगळी खोलीच तो बग, म्हणजे प्रोग्रॅममधली ती चूक, सोडवत होती. सर्व्हरचं घड्याळ यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर, आपण त्याच्या साडेपाच तास पुढे, म्हणजे आपल्याकडे रात्रीचे २:१० झाले तेव्हा सर्व्हरवर आदल्या दिवशीचे २०:४० वाजले होते. याचा अर्थ रात्री बारा ते पहाटे साडेपाचमधलं प्रत्येक बिल एक दिवस मागे पडत होतं आणि वर्षभर कोणाच्या लक्षात आलं नाही कारण रात्री बिलं थोडीच होतात, ते ३१ मार्चच्या या बिलावरून सीएने पकडलं. मग त्याने स्वतःची पहिली चूक दाखवली. घाईघाईत कोडमध्ये साडेपाच तास मिळवून टाकले होते, पण एका रिपोर्टच्या स्क्रीनवर कोणीतरी जुन्या काळी तेच करून ठेवलेलं, त्यामुळे तिथे दोनदा मिळवले गेले आणि संध्याकाळी साडेसहानंतरची सगळी बिलं उद्याच्या तारखेला जाऊन बसली. हे सांगितल्यावर जे हसू उठलं ते त्याच्यावर हसणं नव्हतं, तिथे बसलेल्या निम्म्यांनी हाच प्रकार कधी ना कधी केलेला होता. शेवटी खरा उपाय सांगितला, वेळ साठवताना यूटीसीतच साठवायची, दाखवताना स्थानिक वेळेत बदलायची, ते बदलण्याचं काम एकाच ठिकाणी करायचं आणि बिलाची जी कायदेशीर तारीख आहे ती दुकानातल्या कॅलेंडरप्रमाणे वेगळ्या कॉलममध्ये ठेवायची. २२ मिनिटं आणि ९ स्लाइड. त्यानंतर प्रश्न मात्र अर्ध्या तासाहून जास्त चालले आणि लोक वडापाव थंड करून बोलत उभे होते.

मला यात जे दिसलं ते असं की डेव्हलपर माणसाला कोडं घातलं की तो गप्प बसूच शकत नाही, त्याचं कामच ते आहे. त्याला उत्तर आधी सांगितलं की त्याचं काम संपलं आणि तो फोन काढतो. तुम्ही पहिल्याच स्लाइडवर टाइमझोनच्या पाच बेस्ट प्रॅक्टिसेस लिहिल्या तर त्या पाचही बरोबर असतील तरी कोणाच्या डोक्यात राहणार नाहीत, कारण त्या ज्या दुखण्यावरचं औषध आहेत ते दुखणं अजून समोरच्याला झालेलंच नाही.

लहानपणी आजी मला ठाण्यातल्या कोपिनेश्वरच्या देवळात कीर्तनाला घेऊन जायची. तेव्हा मला ते फक्त गाणं आणि गोष्ट वाटायचं, आता कळतं की त्यात किती बांधणी होती. बुवा नमन करून एकच अभंग घ्यायचे, पूर्वरंगात त्याचं निरूपण, मध्ये नामाचा गजर, मग उत्तररंगात एखादं आख्यान आणि फिरून फिरून त्याच अभंगाच्या त्याच ओळीवर यायचं. दोन तास माणसं मांडी घालून बसायची, त्यात माझ्यासारखी दुसरीतली पोरंही असायची. बुवांना काय शेकड्याने अभंग पाठ नसतील का? असतील ना, पण त्या रात्री एकच. आपल्याकडे इतकी चांगली शाळा देवळात भरत होती आणि आपण मात्र कंपनीच्या टेम्प्लेटमध्ये बुलेट भरत बसतो. टॉकची तयारी करताना मी आता आधी एका ओळीत लिहून काढते की ऐकून घरी गेलेल्या माणसाने बायकोला किंवा रूममेटला काय सांगावं. ती ओळ लिहिता आली नाही तर लॅपटॉप बंद, अजून विषयच हाती लागलेला नाही. ती ओळ मिळाली की बाकीचं काय गाळायचं ते आपोआप कळतं, आणि गाळताना जीवावर येतं पण गाळावंच लागतं.

कोणाला वाटेल की एवढं काय त्या स्लाइडचं मनाला लावून घ्यायचं. म्हणून कल्पना चावला ज्या यानात होती त्या कोलंबियाची गोष्ट सांगते. १६ जानेवारी २००३ ला उड्डाण झाल्यावर साधारण ८२ सेकंदांनी इंधनाच्या टाकीवरचा फोमचा तुकडा सुटून यानाच्या डाव्या पंखावर आदळला. यान वर फिरत असताना खाली इंजिनिअरांनी नुकसानीचा अभ्यास करून मॅनेजरांसमोर स्लाइड मांडल्या. त्यातल्या एका स्लाइडचं शीर्षक असं की वाचणाऱ्याला वाटावं, आपल्याकडचा टेस्ट डेटा सावध बाजूचाच आहे, फार काळजी नको. आणि अगदी तळाच्या ओळीत आकडे होते, ज्या तुकड्यावर टेस्ट झाल्या तो ३ घन इंचाचा आणि इथला मामला १९२० घन इंचाचा. म्हणजे ६४० पट! तो डेटा या तुकड्याला लागूच होत नव्हता, आणि ही गोष्ट मथळ्यात असायला हवी होती ती तळाला गेली. १ फेब्रुवारीला परतताना यान फुटलं आणि सातही जण गेले. चौकशी मंडळाने अहवालात या स्लाइडचा वेगळा उल्लेख केला, ती वाचून वरिष्ठाला इथे जिवाचा धोका आहे हे कळलं नसेल तर नवल नाही असं म्हटलं आणि टेक्निकल कागदपत्रांऐवजी पॉवरपॉइंट वापरण्याच्या सवयीवर बोट ठेवलं. अपघात स्लाइडमुळे झाला असं कोणी म्हणत नाही, मीही नाही. पण आकडा समोर असूनही तो दिसला नाही, ही गोष्ट मला प्रत्येक वेळी स्लाइड बनवताना आठवते. त्याआधी १९८६ मध्ये चॅलेंजर या यानाच्या अपघाताच्या चौकशीत रिचर्ड फाइनमन या शास्त्रज्ञाने रबराच्या सीलचा तुकडा चिमट्यात आवळून बर्फाच्या पाण्याच्या ग्लासात बुडवला आणि बाहेर काढून दाखवलं की थंडीत रबर लगेच पूर्वीसारखं होत नाही. झालं, सगळ्यांना कळलं, टीव्हीवर बघणाऱ्यांनाही.

डेमोबद्दल थोडं सांगितलंच पाहिजे कारण सगळ्यात जास्त घोळ तिथे होतो. लाइव्ह डेमो म्हणजे आयत्या वेळी टाइप करणं असा समज आहे. डग्लस एंगलबार्ट या अमेरिकन कॉम्प्युटर संशोधकाने ९ डिसेंबर १९६८ ला सॅन फ्रान्सिस्कोत ९० मिनिटांत माऊस, हायपरटेक्स्ट, व्हिडिओवरून दूरच्या माणसाबरोबर एकत्र काम करणं असं सगळं लोकांना पहिल्यांदा दाखवलं, पण त्यामागे पूर्ण टीम राबत होती, कॉम्प्युटर तिथून सुमारे ५० किलोमीटरवर होता आणि त्यासाठी खास लाइन घेतली होती. आपण काय करतो, दुसऱ्याच्या ऑफिसच्या गेस्ट वायफायवर भरवसा ठेवून पॅकेज डाउनलोड करायला लावतो आणि पुढची आठ मिनिटं गोल फिरणाऱ्या चक्राकडे साठ माणसं बघत बसतात. मी आता प्रत्येक टप्प्याचा कोड गिटमध्ये (कोडच्या आवृत्त्या सांभाळणारं टूल) वेगळ्या ब्रँचवर, म्हणजे वेगळ्या प्रतीत, तयार ठेवते, अडकलं की पुढच्या ब्रँचवर जायचं, आणि पूर्ण डेमोचं एक रेकॉर्डिंग पेनड्राइव्हवर. इंटरनेट लागणारा डेमो शक्यतो घेतच नाही. टर्मिनलची, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीची, अक्षरं शेवटच्या रांगेत बसून स्वतः वाचून बघायची, आपल्याकडचे प्रोजेक्टर जुने असतात, त्यावर काळ्या पार्श्वभूमीवरचा गडद निळा कोड दिसतच नाही, डेमोपुरती पांढरी थीम लावा. चाळीस ओळींचं फंक्शन स्क्रीनवर टाकून कोणी वाचत नाही, ज्या तीन ओळींबद्दल बोलायचंय त्याच ठेवा. व्हॉट्सॲपचं नोटिफिकेशन बंद. आणि कोणी प्रश्न विचारला की तो माइकवर परत म्हणून मग उत्तर द्या, मागच्यांना प्रश्न ऐकू येत नाही, त्यांना फक्त तुमचं ‘हो, बरोबर’ एवढंच ऐकू येतं.

प्रश्नांवरून आठवलं, शेवटी ‘एनी क्वेश्चन्स’ विचारून दोन सेकंदात थँक्यूची स्लाइड लावायची पद्धत बंद व्हायला हवी. लोकांना प्रश्न जुळवायला वेळ लागतो. त्या महाप्याच्या मुलासारखं थांबता आलं पाहिजे, किंवा आपणच विचारावं की तुमच्याकडे बिलाची तारीख कुठे ठरते, ॲपमध्ये का सर्व्हरवर? मग बघा.

आता मला सगळ्यात जवळचा मुद्दा, भाषेचा. खोलीत वीस जण, वीसही जण ठाणे, डोंबिवली, कळवा, पनवेलचे, जिन्यात सगळे मराठीत बोलत आलेले आणि टॉक सुरू झाला की बोलणारा एकदम इंग्रजीत. इंग्रजीला माझा विरोध नाही, कामाची भाषा आहे ती, आणि खोलीत बाहेरगावचे लोक असतील तर त्यांना कळेल असंच बोलायला हवं. पण मी बघितलंय की ज्याला इंग्रजीत वाक्य हुकायची भीती असते तोच स्लाइडवर पूर्ण वाक्यं लिहून ठेवतो आणि मग पाठ फिरवून ती वाचतो. वाचणारा माणूस आणि समोर तीच अक्षरं, असं झालं की ऐकणारा स्वतः पुढे वाचून मोकळा होतो आणि बोलणाऱ्याची वाट बघत बसतो. तोच मुलगा चहाच्या टपरीवर तोच बग मराठीत काय रंगवून सांगतो! क्वेरी, सर्व्हर, डिप्लॉयमेंट हे शब्द तसेच राहू देत, त्यांना मराठी प्रतिशब्द शोधत बसायचं काही कारण नाही, पण मधलं सांगणं आपलं असू दे. माझ्या टीममध्ये गेल्या दीड वर्षापासून महिन्यातल्या एका शुक्रवारी आम्ही असं मराठीत बसतो, १५ मिनिटं एकाने बोलायचं, विषय एकच की या महिन्यात तुझं कशावर अडलं. जी मुलं आधी कधी तोंड उघडायची नाहीत ती आता नाव द्यायला लागलीत. त्यातल्या एकीने मार्चमध्ये बाहेरच्या मीटअपला इंग्रजीत टॉक दिला आणि छान दिला, कारण गोष्ट तिच्या तोंडात आधी मराठीत बसली होती.

याची सवय कॉलेजात लागू शकते. आत्ता सेमिनारला मुलं नेटवरून पीपीटी उचलतात, किती स्लाइड आणि शेवटी रेफरन्स आहेत का एवढं बघून मार्क मिळतात. मी दोन कॉलेजांत परीक्षक म्हणून गेले होते, दोन्हीकडे ब्लॉकचेनवर तीच चित्रं बघितली. एका मुलीला मी म्हटलं, बाळ पीपीटी बंद कर आणि तुझ्या प्रोजेक्टमध्ये सगळ्यात जास्त वेळ कशात गेला ते सांग. ती आधी घाबरली, मग तिने लॉगिनचं सेशन दर पाच मिनिटांनी का तुटत होतं ते इतकं सुरेख सांगितलं की शेजारी बसलेले सर खुर्ची ओढून पुढे सरकले. माझी शिक्षकांना कळकळीची विनंती आहे की निदान निम्मे मार्क तरी या भागाला द्या, आणि ऐकणाऱ्या मुलांनी किती प्रश्न विचारले तेही मोजा.

आणि एक विनंती आपल्या ग्रंथालयांना आणि व्याख्यानमाला चालवणाऱ्या मंडळींना. न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमाला १८७५ मध्ये सुरू केली, आपल्या ठाण्यात मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून आहे, संध्याकाळी जमून एका माणसाचं ऐकायचं ही गोष्ट आपल्या लोकांना नवीन नाही. त्यातली वर्षातून एक संध्याकाळ सॉफ्टवेअरवाल्यांना द्या. एआयमुळे नोकऱ्या जाणार का यावर नको, त्यावर सगळेच बोलतात. तिकीट बुक करताना पैसे कापले जातात आणि तिकीट येत नाही तेव्हा मधे नेमकं काय होतं, असं काहीतरी, ज्याने ते प्रत्यक्ष दुरुस्त केलंय त्याच्या तोंडून. नोकरदार, आजोबा, दहावीची मुलं, सगळे बसून ऐकतील याची मला खात्री आहे.

बोलणारे मी आणून देते. आमच्या शुक्रवारच्या बैठकीतलेच चार जण तयार आहेत आणि त्यांची तालीम घ्यायला शनिवार-रविवार बसायची माझी तयारी आहे. हॉल आणि एक बरा माइक एवढंच लागेल. कोणी संस्था पुढे आली तर तुमच्या कार्यालयामार्फत कळवावं, मी लगेच येऊन भेटेन.

आपली,
एक वाचक, खारेगाव, कळवा (ठाणे)